तातडीची पेटी

बद्रीनाथ हा दूध सोसायटीचा सचिव, आणि दुष्काळात सोसायटीने काढलेली चारा छावणीही त्याच्याच गळ्यात. पगार मात्र एकाच कामाचा. शिरूर कासारच्या त्या माळावर रेंज इतकी पातळ, की ई-मेलचं पान उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. शेवटी पुण्यातल्या मेहुण्याने, बंकटने, फोनवरून सांगून सांगून काळ्या पडद्यावरची सोय लावून दिली. चित्र नाही, रंग नाही. एक कमांड टाकली की मेल उतरायचे, दुसरी टाकली की वाचता यायचे. कोणता मेल कोणत्या पेटीत पडावा, याचे नियम एका फाइलीत लिहायचे.

त्यातला एक नियम बद्रीनाथने स्वतः लिहिला. तालुक्याच्या कचेरीचा प्रत्येक मेल 'अत्यंत तातडीचे' या शब्दांनीच सुरू व्हायचा. प्यायला पाणी नाही आणि वृक्षलागवडीच्या घोषवाक्यांची स्पर्धा, तीही अत्यंत तातडीची! वैतागून त्याने ठरवलं, हे शब्द दिसले की मेल न वाचता बाजूच्या पेटीत. खरं काम असलं तर माणसं फोन करतातच की. डोकं शांत झालं, आणि त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं.

माणसांना मात्र असा नियम लावता येत नव्हता. छावणीतली सारजाबाई रोज सकाळी दारातूनच ओरडायची, "बद्रीभाऊ, तातडीचं हाय! हौदाचा तळ दिसाया लागला. माझी ढवळी लई खंगलीय."

"बघू, मावशी," बद्रीनाथ मान वर न करता म्हणायचा. छावणीत सगळ्यांचंच तातडीचं, कुणाकुणाचं ऐकायचं? तोही पार थकला होता, हे काही खोटं नाही.

मग एक दिवस हौद भरणारा सरकारी टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कचेरीत फोन लावला तर कारकून उलट त्याच्यावरच चढला. "अहो सचिव, जनावरांचा आकडा मागवला होता. ज्यांनी पाठवला नाही, त्यांचे टँकर थांबवले. मेल बघता का नाही? अत्यंत तातडीचे म्हणून लिहिलंय की वर!"

बद्रीनाथने बाजूची पेटी उघडली. घोषवाक्यांच्या निकालाखाली तो मेल निमूट पडून होता. आकडा पाठवला, कारकुनाच्या हातापाया पडला, तेव्हा कुठे सकाळचा टँकर कबूल झाला. मग त्याने तो नियम पुसून टाकला. स्वतःची लाज वाटत होती, पण ती सांगायची कुणाला?

सकाळी टँकरचा घरघराट ऐकला आणि त्याच्या जिवात जीव आला. दारात सारजाबाई उभी होती, न ओरडता. आज तो खुर्चीवरून उठला.

"मावशी, टँकर आला बघा! आज हाक न्हाई मारली?"

"कावून मारू?" तिने हातातलं दावं उंबऱ्यावर ठेवलं. "रातीच गेली ढवळी. हे सोसायटीचं दावं हाय, ठिवून घ्या. आता माझं तातडीचं कायबी न्हाई."