जीभ काढलेली घंटा

मी शाळेची घंटा बोलतेय. आवाज नाही मला, म्हणून जरा जवळ येऊन ऐका.

भंडाऱ्याकडच्या एका ओतशाळेत मी जन्मले. अंगावर अक्षरं कोरली : 'मुलांच्या उज्ज्वल भविष्यासाठी – वसंतसेठ यांजकडून सप्रेम'. 'मुलांच्या' एवढंसं, 'वसंतसेठ' एवढं मोठं. बरेच दिवस मला वाटायचं, माझंच नाव वसंतसेठ आहे.

सेठजींनी मला पांढुर्ण्याच्या स्वमग्न मुलांच्या शाळेत टांगलं. मुलांना काय हवं, हे कोणी विचारलं नव्हतं. देणगी देताना विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं गळा काढला. निम्म्या मुलांनी कान झाकले. नऊ वर्षांची मानसी टेबलाखाली शिरली, ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

मुख्याध्यापक गजानन सर म्हणाले, "सवय होईल."

मला वाजवायचं काम शकुबाईकडं होतं. सावरगावची ही आया बारा वर्षं शाळेत होती. दोर ओढण्याआधी ती मानसीच्या कानांवर हातरुमाल बांधून यायची.

मग सौंसरहून दामिनी मॅडम आल्या. हातात डिप्लोमा, डोक्यात पुस्तकं. पहिल्याच दिवशी मानसीची हनुवटी वर करून म्हणाल्या, "माझ्याकडे बघ, बाळा." मानसी कडकडून चावली. स्टाफरूममध्ये हशा पिकला.

हळद घेऊन आली ती शकुबाई. "मॅडम, तुमी तिच्या डोयात काहून घुसून राहिल्या? बाजूले बसा. तिले वाटलं त थे सोताच येईन."

"मी कोर्स केलाय, शकुबाई."

"म्या बी बारा वर्सं केला. फक्त सर्टिफिकेट नाई भेटलं."

मॅडम रागावल्या. पण दुसऱ्या दिवसापासून गुपचूप मानसीच्या बाजूला बसू लागल्या. तीन आठवड्यांनी मानसीनं आपलं पाऊल मॅडमच्या पावलावर ठेवलं. बस्स, एवढंच. मॅडम धावत स्टाफरूममध्ये सांगायला गेल्या. कोणी मोबाइलमधून मान वर केली नाही. मग त्या पायरीवर जेवणाऱ्या शकुबाईकडं आल्या आणि बोलता बोलता तिथंच डबा उघडला. तेव्हापासून रोज तिथंच.

गजानन सरांना ते खुपलं. "मॅडम, आयाबायांशी थोडं अंतर ठेवावं." 'मैत्री करता येत नाही' असा शेरा मुलांच्या फाइलीवर हेच सर मारत!

स्नेहसंमेलन आलं. वसंतसेठ स्वतः मला तीनदा वाजवणार, फोटो निघणार. मॅडम सरांना सांगायला गेल्या, "सर, मुलांना फार त्रास होतो."

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. देणगीदार काय रोज येतात?"

त्या सकाळी मॅडमनी स्टूल धरलं, शकुबाई पक्कड घेऊन वर चढली.

"पडशील, शकुमावशी!"

"तू नीट धर न पोरी!"

माझी जीभ, म्हणजे आतला लोलक, निघाली. दुखलं नाही. उलट हलकं वाटलं.

सेठजींनी दोर ओढला. शांतता. पुन्हा ओढला. फोटोवाला ताटकळला. समोर मुलं निवांत बसली होती, मानसीसुद्धा खुर्चीवर.

"आवाज काहून नाही?" सेठजी म्हणाले.

गजानन सरांनी वर माझ्या रिकाम्या पोटात पाहिलं. मग म्हणाले, "मुलांसाठी खास बिनआवाजाची करून घेतली, सेठजी. आपलीच प्रेरणा!" सेठजी खूश. भाषणात त्यांनी ही प्रेरणा तीनदा उगाळली.

पाहुणे गेल्यावर सर माझ्याखालीच शकुबाईवर ओरडले, "हे तुझंच काम! उद्यापासून येऊ नको!"

शकुबाईचा चेहरा उतरला. मॅडम पुढं झाल्या. "स्टूल मी धरलं होतं, सर. काढायचं तर दोघींना काढा. आणि सेठजींना मी फोन करते, प्रेरणा कोणाची होती ते सांगायला."

त्या दिवशी शाळेत दुसरी जीभही गप्प झाली.

आज मी नुसती लटकलेली असते. सव्वीस जानेवारीला कोणीतरी धूळ पुसतं. मानसीला गार पितळ आवडतं, म्हणून उन्हाळ्यात मॅडम नाहीतर शकुबाई तिला माझ्यापर्यंत उचलून धरते. ती माझ्यावर गाल टेकते. वाजत होते तेव्हा माझ्याजवळ कोणी येत नव्हतं.

तुम्हालाही एखाद्या शाळेला काही द्यावंसं वाटलं, तर आधी एकदा आमच्या पायरीवर जेवायला या. शकुबाईची भाजी फार तिखट असते. पाणी सोबत आणा.