चौथी प्लेट

विभागप्रमुखाचे पद रिकामे झाले आणि उमेदवार उरल्या दोनच: मी आणि माझी धाकटी बहीण. कर्करोगाच्या पेशी साखर कशी गिळतात, हा माझा विषय. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरच्या, जनुकांना जागे ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, हा तिचा. माझ्या विषयाला सहकारी ‘खानावळ’ म्हणत. तिच्या विषयाला टाळ्या पडत.

तिचे नवे औषध त्या खुणा पुसून टाकते, असे तिने जाहीर केले. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतले. आईने फोन करून मलाच विचारले, “धाकटीचं ऐकलंस ना गं?” जणू मी बहिरी.

मला मात्र तिच्या इन्क्युबेटरमध्ये वेगळेच दिसले होते. औषध दिलेल्या पेशींच्या प्लेटांमधले लाल पोषकद्रव पिवळे पडले होते. औषधाने पेशी मरतील म्हणून तिने तिथे दुप्पट पेशी सोडल्या होत्या. त्या फारशा मेल्याच नाहीत आणि साखर फस्त करून बसल्या. या खुणांचा कच्चा माल पेशी साखरेतूनच घडवते. पुसण्याचे काम उपासमारीने केले, श्रेय औषधाने लाटले. आमच्या घरात ही रीत जुनीच.

मी गुपचूप प्रयोग मांडला. पहिल्या प्लेटला साखर आणि औषध: खुणा शाबूत. दुसरी विनाऔषध, उपाशी: खुणा नाहीशा. तिसरी उपाशी ठेवून पुन्हा साखर दिली: खुणा परतल्या. तिचा निकाल इथेच लागला होता. चौथी मी निव्वळ शिस्तीखातर लावली: उपासमार, मग साखर, पण सोबत औषध.

निवडीच्या बैठकीत मी पहिल्या तीनच दाखवल्या. धाकटीचा चेहरा उतरला. इतके प्रसन्न मला क्वचितच वाटले असेल.

“शेण खाल्लं मी,” ती पुटपुटली. मग मान वर करून म्हणाली, “पण ताई, औषध असताना उपाशी पेशींना परत साखर दिलीस?”

“दिली.”

“मग?”

खोटे बोलणे सोपे होते. पण ते मोजमाप माझ्या हातचे होते. ते नाकारणे मला तिच्या विजयाहूनही असह्य वाटले.

“खुणा परतल्या नाहीत.”

“म्हणजे औषध पुसत नाही, पुन्हा उमटू देत नाही! आधी उपासमार, मग औषध!” ती भर सभेत माझ्या गळ्यात पडली. “माझ्यासाठी एवढं राबलीस, आणि बोललीसुद्धा नाहीस?”

“बहीण असावी तर अशी,” संचालक धाकटीला म्हणाले. “विभाग आता तुम्हीच सांभाळा.”

फळ्यावर तिने नव्या शोधनिबंधासाठी दोघींची नावे लिहिली, माझे वर. “मोठी ना तू!”

भिकेत मिळालेला पहिला क्रमांक मला नको होता. पेन हिसकावून मी माझे नाव खोडले आणि तिच्या नावाखाली लिहिले.

“किती गं मोठं मन तुझं,” ती डोळे पुसत म्हणाली.