शिराची करवंटी

बेंजामिन वाकरुळकरांना किंगरीचा कंटाळा आला होता. कंटाळा म्हणजे साधासुधा नव्हे. राळेचा वास आला की त्यांचं डोकं धरायचं, आणि फोनवर कुणी ‘ऑर्डर’ म्हटलं की ते फोनच ठेवून देत. हौस होती तोवर सगळं गोड होतं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा हा माणूस. रिटायर झाल्यावर वेळ जाईना, म्हणून दारावर आलेल्या एका गोसाव्याची किंगरी निरखून बघतो काय आणि घरी तशीच करायला बसतो काय! करवंटीवर बकऱ्याचं कातडं, तिच्यातून आरपार बांबूची दांडी, वर तारा, आणि तारांवर घासायला घोड्याच्या केसांचा, राळ चोळलेला गज. पहिली किंगरी मांजरासारखी ओरडली होती. तरी पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी सण असल्यासारखं वाटलं होतं.

करवंट्या मात्र बाजारच्या नसायच्या. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात कुणाचं लग्न ठरलं, कुणी दूरदेशी निघालं, की मलिदा होतो. गोड पोहे, खवलेला नारळ, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची प्रार्थना. पनवेलात समाजातल्या कुणाकडेही मलिदा असला की नारळ खवायला फ्लोराबाईंना, म्हणजे बेंजामिनच्या बायकोला, बोलावणं यायचं. नारळ बरोब्बर मधोमध फोडायचा आणि करवंटीला तडा न जाऊ देता खवायचा, यात त्यांचा हात कुणी धरत नसे. करवंटी घरी आली की बेंजामिन तिच्यात पेन्सिलीनं नाव लिहीत. ज्याचा मलिदा, त्याचं. वर कातडं ताणलं की नाव कायमचं आत. अलीकडे लग्नाचे मलिदे थांबलेच होते. जे होत ते इस्रायलला निघालेल्यांचे.

एक करवंटी त्यांनी कपाटात बाजूला ठेवली होती. लेकीची, शिराची. ती लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेली तेव्हाच्या मलिद्याची. ‘तुझी किंगरी घेऊनच येतो,’ असं त्यांनी तिला निघताना सांगितलं, आणि पुढं तेच त्यांचं हत्यार झालं. शिरा फोनवर म्हणायची, “पप्पा, मम्मीचे गुडघे गेलेत. आता दोघं इकडेच या ना.” पप्पांचं उत्तर ठरलेलं. “तुझी किंगरी झाली की निघालोच.” आणि ती किंगरी ते काही करायला घेत नसत. खरं सांगायचं तर बेंजामिनना जायचंच नव्हतं. फ्लोराबाईंना नातवंडांत जाऊन बसायचं होतं. नवऱ्याचं नाटक त्यांना कळत होतं, पण त्या ते चालवून घेत.

मग पळस्प्याच्या पुढं कुणीतरी नवीन रिसॉर्ट काढलं. तिथला मॅनेजर शैलेश एक दिवस घरी आला आणि म्हणाला, भिंतीवर लावायला दहा किंगऱ्या हव्यात. “वाजल्या नाहीत तरी चालतील, काका. फक्त दिसायला एकसारख्या पाहिजेत.” खरं तर या वाक्यासरशी त्याला जिना दाखवायला हवा होता. पण वाजवणाऱ्या गिऱ्हाइकांनी बेंजामिनना नको जीव केला होता. सूर उतरतो, कातडं सैल पडलं, परत घ्या. त्या मानानं हा बरा. ते मान मोडून कामाला बसले. डोळ्यांत मोतीबिंदू, आतलं नाव दिसेना. कपाटात हात घालायचा, येईल ती करवंटी घ्यायची, कातडं ताणायचं, पॉलिश मारायचं, की पुढची. एकही वाजवून पाहिली नाही.

माल गेल्यावर कपाट आवरताना फ्लोराबाईंनी विचारलं, “अहो, शिराची करवंटी कुठं ठेवलीत?”

कपाट रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी बेंजामिन रिक्षानं रिसॉर्टवर गेले. काउंटरमागच्या भिंतीवर किंगऱ्या ओळीनं टांगलेल्या, एक झाकावी आणि दुसरी काढावी अशा. त्यांनीच तशा केलेल्या, बोल तरी कुणाला लावणार? शैलेश भला पोरगा. शिडी मागवून त्यानं सगळ्या उतरवून दिल्या. “तुमची कुठली ते सांगा आणि घेऊन जा, काका.”

बेंजामिननी एकेक हातात घेतली. टिचकी मारली, कानाशी धरली, गज फिरवला. लेकीची करवंटी आपल्याला हाताला कळेल, अशी त्यांची खात्री होती. कळली नाही. नाव कातड्याआड होतं.

“फाडून बघायचं का?” शैलेशनं हळूच विचारलं.

“दहाच्या दहा?” ते म्हणाले. “राहू दे. लाव परत.” मग ते तिथल्या सोफ्यावर बसले, ते बराच वेळ उठलेच नाहीत. समोरचा चहा निवून गेला.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. वाटलं होतं, फ्लोराबाई रागावतील. त्या म्हणाल्या, “म्हणजे शिराची किंगरी झाली.”

बेंजामिननी रिकाम्या कपाटाकडे पाहिलं.

“झाली ना? तुमच्याच हातांनी झाली. आता निघू या. माझ्याच्यानं हे जिने होत नाहीत हो.”

आवाज चढा नव्हता, दमलेला होता. बेंजामिननी सबब शोधून पाहिली. पण त्यांच्याकडे करवंटी उरली नव्हती, आणि भांडायला जोरही. “बरं,” ते म्हणाले. ते म्हणताना त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

त्यांच्या मलिद्याला बोलवायला फारसं कुणी पनवेलात राहिलं नव्हतं. सकाळी फ्लोराबाई दुखता गुडघा लांब करून विळीवर बसल्या आणि नारळ खवू लागल्या, नेहमीसारख्या जपून, कडेशी हळू.

“जोरात खव गं,” बेंजामिन म्हणाले. “फुटली तर फुटली. आता कुणाला हवीय?”

त्यांनी ऐकलं नाही. सगळं खोबरं निघाल्यावर अख्खी करवंटी पदरानं पुसून त्यांनी नवऱ्यापुढं ठेवली. “नाव लिहा,” त्या म्हणाल्या.

बेंजामिननी पेन्सिल शोधून आणली. आधी तिचं नाव लिहिलं, मग आपलं. वर कातडं कोण चढवणार, हे दोघांनीही विचारलं नाही.