भंडाऱ्याच्या महाराजाचं थाई जेवण

वासुदेवराव थायलंडहून परत आले त्याला आता दोन पावसाळे उलटले होते, पण त्यांचं विमान काही अजून खाली उतरलं नव्हतं. वर्ध्यात कुणाच्याही पंगतीत बसले की पहिला घास तोंडात जायच्या आधी ते म्हणायचे, "तिकडं असं नाई राहत." भाजी तिखट निघाली तर तिकडं गोड असायची, गोड निघाली तर आंबट. त्यांच्या कृषी केंद्रात कपाशीचं बियाणं घ्यायला आलेला माणूस एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हातात थायलंड घेऊन घरी जायचा.

आनंदाबाई, त्यांची बायको, हे सगळं ऐकायची आणि वाढत राहायची. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. नवऱ्याबद्दल तिच्या मनात जे होतं त्याला राग म्हणता येत नव्हता. राग यायला समोर माणूस लागतो. हे वेगळंच होतं. वांगं चिरताना अळी निघावी, चिमटीत धरून ती बाजूला टाकावी आणि पुढचं वांगं हातात घ्यावं, तसं काहीतरी.

कारण वासुदेवरावांनी थायलंडात काय खाल्लं, ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या वर्षी बियाण्याच्या कंपनीनं भरपूर माल विकणाऱ्या दुकानदारांना जोडप्यानं तिकडे नेलं. निघायच्या आधीच कुणीतरी पुडी सोडली की तिकडे साप खातात, किडे खातात, वाटीत काय पोहत असेल सांगता येत नाही. झालं. वर्ध्यात बसून सावजीचा रस्सा ओरपणारी, नाकाडोळ्यांतून पाणी गळलं तरी दुसऱ्यांदा वाटी पुढे करणारी ही मर्द माणसं एका ताटाच्या नुसत्या वर्णनानं गार पडली. मग कंपनीनं भंडाऱ्याचा एक स्वयंपाकी महाराज सोबत घेतला. त्याच्या पेट्यांत तांदूळ होता, तुरीची डाळ होती, तिखट होतं, कढीपत्तासुद्धा होता. हॉटेलच्या मागच्या बाजूला त्याला शेगडी मिळाली. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, रात्री खिचडी. समुद्र खिडकीतून दिसत होता आणि हे लोक तोंडी लावायला ठेचा मागत होते.

परतायचा दिवस जवळ आला तेव्हा पुलगावच्या नत्थूजींना काळजी पडली. तेही बियाण्याचे दुकानदार, वासुदेवरावांचे जुने सोबती. "गावात विचारतीन ना बाप्पा, का खाल्लं म्हणून. महाराज, काही थाई करा नं." महाराजानं ते हॉटेल सोडून काहीच पाहिलं नव्हतं, पण तो कामाला ना म्हणणारा नव्हता. त्यानं शेवया उकडल्या, पत्ताकोबी चिरली, गाजर किसलं, टोमॅटोच्या सॉसची बाटली अख्खी उपडी केली आणि वरून दोन मुठी साखर टाकली. पपईचं एक फूल कोरून मधोमध खोचलं. सगळ्यांनी ताटं हातात धरून फोटो काढले. तेच यांचं थायलंड. तेच फोटो अजून फिरत होते.

आनंदाबाईंनी मात्र दुसरंच काही खाल्लं होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगळे बोटीतून बेटावर गेले त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून ती मागे राहिली. दुपार टळली. खोलीत पडल्या पडल्या तिला खालून आवाज आला. कुटण्याचा. खलात बत्ता पडावा तसा, ठरल्या तालाचा, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. माहेरी शेजारणी मिरच्या कुटत तेव्हा अशाच थांबत, चव घेत आणि पुन्हा हात चालवत. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि आवाजामागे चालत हॉटेलच्या मागच्या बोळात आली.

एक बाई गाडीवर बसून मिरची आणि मुळ्या कुटत होती. बाजूला पातेलं उकळत होतं. वासात आधी गवती चहा आला, मग लिंबू, मग खाली दडलेला मासोळीचा दमदार वास, तलाव आटत आला की काठाला येतो तसा. बाईनं हिच्याकडे पाहिलं, हिनं बाईकडे. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. त्या बाईनं पळीभर रस्सा वाटीत घातला, फुंकर मारली आणि वाटी पुढे केली. आनंदाबाई प्यायली. तिखट आधी कानशिलात गेलं, आंबट जिभेच्या कडांना लागलं, आणि मागाहून असा एक थंडावा उतरला की तिला उभ्या उभ्या रडू येईलसं वाटलं. दळताना बायका सुचेल तशी ओवी जोडत जातात, तसं तिच्या ओठांवर आपोआप आलं:

परमुलखी बाई, तुही मही ना वळख,
तुह्या पळीले लागली मह्या जिभीची पारख.

ती गाडीवाली हसली आणि तिनं आणखी एक पळी घातली.

तेव्हापासून आनंदाबाईंना त्या रश्शाची ओढ लागली होती. एखाद्या माणसाची लागावी तशी. वर्ध्यात स्टेशनजवळच्या हॉटेलात थाई मिळतं म्हणून ती भाचीला घेऊन गेली, तर पुढे आला तोच सॉस, तीच साखर. नागपूरच्या मॉलमध्ये नारळाच्या दुधात पोहणारी फरसबी आली, खिरीची सवत. घरी गवती चहा उकळून त्यात लिंबू पिळून पाहिलं, तर सर्दीचा काढा झाला. एक वाटी रस्सा, पण साऱ्या मुलखात नव्हता. आणि रोज जेवायला बसताना समोर हा माणूस सांगायचा, तिकडं असं नाई राहत.

म्हणून पुतण्या ऋतिक समुद्रपूरजवळच्या जामला हॉटेल काढतो म्हटल्यावर ती जितकी खूश झाली, तितकी त्याची आईही झाली नसेल. ऋतिकनं पुण्याच्या मोठ्या हॉटेलात थाई स्वयंपाक्याच्या हाताखाली काही वर्षं काढली होती. जामच्या चौकात नागपूर-हैदराबादच्या गाड्या थांबतात, तिथे त्यानं जागा घेतली. उघडायच्या आधी त्यानं काकांना चव पाहायला बोलावलं. काका तिकडे जाऊन आलेले. शिवाय कंपन्यांच्या शेतकरी मेळाव्यांची जेवणं काकांच्या शब्दावर ठरत. ती मिळाली तर हॉटेल पहिल्याच महिन्यात उभं राहणार होतं.

वासुदेवरावांनी नत्थूजींनाही सोबत घेतलं. दोन साक्षीदार असलेले बरे. सुगीचे दिवस होते, समुद्रपूरकडे कापसानं फुगलेल्या गाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या. गाडी चालवताना वासुदेवराव ऋतिकला काय काय शिकवायचं ते सांगत होते. मागच्या सीटवर आनंदाबाई बसली होती. तिच्या तोंडाला कधीपासून पाणी सुटलं होतं.

ऋतिकनं तिघांपुढे तीन वाट्या ठेवल्या आणि हात पुसत उभा राहिला.

आनंदाबाईंनी वाटी नाकाजवळ नेली. तोच. गवती चहा, लिंबू, आणि खाली दडलेला तो वास. तिनं घोट घेतला. कानशिलं पेटली, जिभेच्या कडा आंबट झाल्या, आणि मग तो थंडावा. तिनं डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा वासुदेवराव रुमालात थुंकत होते.

"हे काय आहे बे?"

"सूप आहे काका. झिंगे टाकलेत, गवती चहा, मासोळीचं खारं पाणी, अन् तिकडची लिंबाची पानं. पुण्याहून मागवली."

"हे थाई नाई."

"थाईच आहे काका. मी चार वर्षं हेच करून राह्यलतो."

"पुण्यात करत असशीन. मी तठी जाऊन आलो. तू गेलता?"

ऋतिकनं नाही म्हणून मान हलवली. पासपोर्टावर शिक्का नसलेला माणूस काय बोलणार.

"असा वास नाई राहत तिकडं," नत्थूजी म्हणाले. त्यांनी वाटीला तोंडही लावलं नव्हतं. "गोडसर राहते. लाल राहते. शेवया राहतेत त्याच्यात. दाखवा ना फोटो, भाऊजी."

वासुदेवरावांनी फोटो काढला. महाराजाचं ताट, मधोमध पपईचं फूल. ऋतिकनं मोबाइल हातात घेतला. त्याला एका नजरेत कळलं असणार, शिकलेला पोरगा. पण त्यानं फोटो पाहिला, मग काकाकडे पाहिलं, मग बाहेर, जिथे अजून कोरा बोर्ड भिंतीला टेकून उभा होता.

"असं करता येईन काका," तो म्हणाला. "हे तं सोपं आहे."

"तेच सांगून राह्यलो. हे पाणी काढून टाक कार्डावरून. मेळाव्याच्या जेवणाले असलं ठेवशीन तं लोक मलेच शिव्या देतीन."

"बरं काका."

आनंदाबाईंनी वाटी रिकामी केली. दोन बोटांनी बुडाशी चिकटलेलं पानही उचलून चोखलं. मग वाटी पुढे सरकवली.

"ऋतिक, अजून आण."

तिघेही तिच्याकडे पाहू लागले.

"तुले आवडलं का हे?" वासुदेवरावांनी विचारलं, कुणी कुत्र्याच्या ताटात जेवलं तर विचारावं तसं.

"हे थाई आहे," आनंदाबाई म्हणाली. "मी खाल्लंतं."

"कवा?"

"तुम्ही बोटीत गेलते तवा. हॉटेलच्या मांगच्या गल्लीत एक बाई करत होती. दोन वाट्या पेली मी."

नत्थूजी हसले. "वैनी, काईच्या काई. रस्त्यावरचं कोणी खाते का तिकडं? साप असते त्याच्यात."

"तुम्हाले कसं माहीत, नत्थूजी? तुम्ही तं सकाळी पोहे अन् राती खिचडी. लोणच्याची बरणी तुमच्याच उशाशी राहे."

नत्थूजींचं हसू जिथे होतं तिथेच राहिलं. वासुदेवरावांचे कान लाल झाले, रश्शानं जेवढे झाले नव्हते तेवढे.

"आनंदा, पोरासमोर काय बोलून राह्यली?"

"पोरासमोरच बोलावं लागते. पोराचं हॉटेल बुडून राह्यलं ना." ती ऋतिककडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पदरही सरकला नाही. "थो जो फोटो आहे नं, थो भंडाऱ्याच्या महाराजाचा आहे. यायले तिकडच्या जेवणाची भीती वाटे म्हणून नेलता सोबत. तुले भंडाऱ्याचं खाऊ घालाचं असंन तं घाल. बोर्डावर मंग तसं लिही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि वाट्यांतल्या रश्शावर बारीक लाटा आल्या.

ऋतिक खाली पाहत होता. आनंदाबाई थांबली. तिला वाटलं, आता हा मान वर करेल. एवढं शिकलेला, हाताला एवढी चव असलेला. एकदा म्हणेल की काकू खरं बोलतात, आणि ही वाटी या चौकात राहील, एसटीतून उतरून कधीही येऊन प्यावी अशी.

"काकू," तो म्हणाला, "मले माहीत आहे. पण मेळाव्याचं जेवण काकाच देणार ना. तुम्ही याल तवा तुमच्यापुरतं करून देईन मी. आतमंदी बसा. कोणाले नाई सांगत."

म्हणजे हाही तसलाच. चव जिभेवर आणि कणा कुठे तरी पेटीत. आनंदाबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला आधी काही थोर वाटलेलं असावं लागतं.

"लपून नाई पेत मी आता," ती म्हणाली. "आत चाल."

स्वयंपाकघरात तिनं पातेल्याकडे बोट दाखवलं. "हे फेकशीन ना?"

"हो नं, आता कोण..."

"डबा दे झाकणाचा. अन् थे मासोळीच्या पाण्याची बाटली. पानं कोठी आहेत? दे. तुह्या शेवयात त्याईचं काय काम? परवा घरी येजो, हात कसा चालवाचा थे शिकवजो मले."

"काका काय म्हणतीन?"

"त्याइले खिचडी टाकीन मी."

परतताना आनंदाबाई मागच्या सीटवर डबा मांडीत घेऊन बसली. झाकण तिनं मुद्दाम सैल ठेवलं होतं. जामचा चौक मागे पडायच्या आत गाडी त्या वासानं भरली. वासुदेवरावांनी काच खाली केली. थंडीचा वारा आत घुसला, तशी वर केली. वर केली की वास, खाली केली की गारठा. असं वर-खाली, वर-खाली चालू राहिलं.

"लोकाइले काय सांगशीन तू आता?" त्यांनी विचारलं. आरशात पाहायची त्यांना हिंमत झाली नाही.

"जे झालं थे. विचारलं तं."

"अन् नाई विचारलं तं?"

"तरी सांगीन."

एवढा बोलका माणूस, पण बोलणं सगळं फोटोवरचं. फोटो गेला की आत रिकामं पोतं.

तिनं झाकणात थोडा रस्सा ओतला आणि हळूहळू पिऊ लागली. रस्ता खराब होता, पण एक थेंब सांडला नाही. पुढच्या सीटवर नत्थूजींची चुळबुळ सुरू झाली. नाक ओढलं, खाकरले, एकदा मागे पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं.

"वैनी," शेवटी ते हळूच म्हणाले, "घोटभर द्याल का? पाहू तरी."

"आधी फोटो काढा," आनंदाबाई म्हणाली, पण झाकण भरून पुढे दिलं.

नत्थूजींनी डोळे मिटून घोट घेतला, औषध घ्यावं तसा. त्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. वासुदेवराव तिरप्या डोळ्यांनी पाहत होते, आता हा थुंकेल म्हणून. नत्थूजींनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. झाकण चाटून पुसून त्यांनी मागे दिलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले, तेव्हा काय हुकलं ते आत्ता कळल्यासारखं.

"बरं आहे का?" वासुदेवरावांनी विचारलं.

झाकण घ्यायला नत्थूजींनी हात पुन्हा मागे केला.

आनंदाबाईंनी ते पुन्हा भरलं. वर्धा येईपर्यंत दोघंच पीत राहिले. वासुदेवरावांनी मागितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.