धडधडणारं मूत्रपिंड

धाकट्या मुलाचं लग्न झालं त्याच वर्षी आमच्याकडच्या सभागृहात एका ‘जीवनाचार्यां’नी यंत्रातून मूत्रपिंड छापून दाखवलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्राची सुई बशीत लालसर, मऊ जेलचे थर एकावर एक घालत होती. थर पुरे झाले, आचार्यांनी वर तळहात धरला, आणि तो गोळा धडधडू लागला. लोकांनी हात जोडले.

माझा भाऊ पहिल्या रांगेत होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिसवर जगत होता. आचार्य सांगत होते, विज्ञान देह देतं, प्राण मी फुंकतो. पण नवं मूत्रपिंड हवं असेल तर डायलिसिस आजच सोडा, त्याशिवाय रक्त शांत होत नाही.

भाऊ माझ्याकडे वळला. “ताई, उद्यापासून मी सुया टोचून घेणार नाही.”

म्हणजे दहा-पंधरा दिवसांचा सोबती. डॉक्टरांनी मला तसं बजावलंच होतं.

शेजारी माझी तेव्हाची नवी सून बसली होती, ती प्रयोगशाळेत हेच काम करते. जेलमध्ये जिवंत पेशी मिसळून छापते. ती उठली तसे आमच्या ह्यांनी डोळे वटारले, चारचौघांत शोभा नको म्हणाले. मी म्हटलं, बोलू दे तिला.

“महाराज, मूत्रपिंड धडधडतं का हो?”

जिवंत आहे म्हणून धडधडतं, आचार्य म्हणाले.

“तुमचंही जिवंतच असेल. धडधडतंय का कमरेत? धडधडतं ते काळीज. तुम्ही अवयव चुकलात.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शिष्य आडवे येईपर्यंत तिनं बशी उचललीही होती. तळाला भोक, भोकातून बारीक नळी, नळीच्या टोकाला गालिच्याखाली रबरी फुगा. फुग्यावर आचार्यांचा पाय.

मग तिनं शांतपणे सांगितलं, पेशींना अंगाइतकी ऊब लागते, खाणं लागतं, अशा उघड्या हवेत त्या सुकून मरतात. एवढं जपूनही आम्ही छापतो तो नखाएवढा तुकडा, औषधं तपासायला. माणसाला बसवता येईल असं अख्खं मूत्रपिंड अजून कुणालाच छापता आलेलं नाही.

शिष्य श्रद्धेचा अपमान झाला म्हणून ओरडत होते. भाऊ तिच्याकडेच बघत होता.

“मग माझं काय?”

“मामा, सकाळी डायलिसिस. मी येते बरोबर.”

तो कुरकुरत गेला, पण गेला.

जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका. आपल्या माणसाचा तर मुळीच नाही. घरचे डोळे वटारोत, तुम्ही विचारा.

भाऊ त्यानंतर सहा वर्षं जगला. यंदा मार्चमध्ये वारला.