पिवळा रेनकोट

चांगुणाबाईंनी थापलेली भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकली, तेवढ्यात वरच्या खोलीत नव्यानंच राहायला आलेली कॉलेजातली सृष्टी फोन पुढे धरूनच दारात आली.

"मावशी, हे बघा की. वाचला!"

शेजारी बसून कडक भाकऱ्यांची पाकिटं भरणाऱ्या त्यांच्या लेकीचे, संघप्रियाचे हात थांबले. पाण्याचा तो घोंघाट तिनं झोपेतही ओळखला असता. बुडालेला पूल, मोटरसायकल, पिवळा रेनकोट. तिचा भाऊ सुमित.

तो वाहून गेल्याला वर्षं झाली, पण दर पावसाळ्यात तो फोनवर परत यायचा. कधी नांदेडच्या पुरात, कधी तेलुगू गाण्याखाली, आणि दर वेळी आजची ताजी बातमी म्हणून. संघप्रिया खाली लिहायची: व्हिडिओ जुना आहे, पसरवू नका. लोक त्यावर हसरे चेहरे टाकायचे. मेलेल्या भावाला दर वर्षी नव्यानं मारायचं काम तिच्याच वाट्याला आलं होतं, आणि त्याचा तिला वीट आला होता.

या वेळी मात्र कुणीतरी शेवटी दुसराच तुकडा जोडला होता. पलीकडच्या काठावरून पिवळ्या रेनकोटातलं कुणीतरी हात हलवत होतं. 'पुराला हरवणारा पठ्ठ्या सुखरूप!'

चांगुणाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले.

"परत लाव."

सृष्टीनं लावलं. सुमितला काठावर आणल्यावर त्याच्या कपाळावरचा चिखल याच बाईनं पुसला होता. तिला काय ठाऊक नव्हतं? तरी ती म्हणाली, "अजून एकदा लाव गं."

संघप्रियानं आपला फोन काढला, तेच रील शोधलं आणि लिहायला लागली.

"नगं लिवू," आई हळूच म्हणाली. "कुटं तरी जित्ता ऱ्हाऊ दे की त्याला."

संघप्रियाचा अंगठा तिथंच राहिला.

सृष्टीला यातलं काहीच कळलं नाही. "आमच्या कॉलेजातल्या अभिमन्यूनं पाठवलंय. वळसंगहून इकडं निघालाय. ओढ्याच्या पुलावर पाणी आहे म्हणे. पण रीलमधला हा गेला तर मी पण जातो म्हणतोय."

"त्याला थांबव. हे खोटं आहे."

"खोटं कसं असेल, ताई? चार लाख लोकांनी बघितलंय."

"सृष्टी, त्याला फोन लाव!"

अभिमन्यू पुलाच्या अलीकडेच थांबला होता. मागे पाण्याचा तोच घोंघाट. संघप्रियानं सृष्टीचा फोन घेऊन त्याला सांगितलं, समजावलं. तो हसला.

"एवढे लोक खोटे आणि तुम्ही एकट्या खऱ्या व्हय, ताई?"

हे तिनं इतक्या वर्षांत इतक्या अनोळखी लोकांकडून ऐकलं होतं, की तिनं फोन कानापासून खाली घेतला.

चांगुणाबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"बाळा, त्यो पिवळ्या रेनकोटवाला माजा ल्योक हाय. सुमित. त्यो न्हाय वाचला. मीच धुतलाय त्याला, ह्या हातांनी. तू मागं फिर."

पलीकडे पाण्याच्या घोंघाटात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"फिरतो, मावशी."

सृष्टी भिंतीला टेकून खाली बसली. तव्यावरची भाकरी करपली होती. चांगुणाबाईंनी ती काढली आणि पाठमोऱ्या होऊन नवा गोळा मळायला घेतला.

संघप्रियाच्या फोनवर रील आपोआप पुन्हा सुरू झालं. काठावरून कुणीतरी हात हलवत होतं.

"लिव आता," आई मागे न बघता म्हणाली. "आनि त्याचं नाव बी लिव."