कार्तिकातला फोटो

आकाशातल्या उपग्रहानं काढलेले दोन फोटो घेऊन मी देऊळघाटला उतरलो, ते चौऱ्याऐंशी साल. एक फोटो त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरातला, दुसरा त्र्याऐंशीच्या. उभं पीक त्यात लाल उमटतं, गवताचं रान फिकट. दहा वर्षांत शेती किती पसरली हे नागपूरच्या साहेबांना खुर्चीत बसून मोजायचं होतं. लाल दिसतं ते खरंच शेत आहे का, हे बघायला उन्हातान्हात पायपीट मात्र माझी.

गावाबाहेरचं गायरान जुन्या फोटोत फिकट होतं, नव्यात लालभडक. तिथं शेषराव कापूस वेचत होते.

"गायरान कधी मोडलं?" मी विचारलं.

"झाले सा-सात वर्सं. सगळ्यायनं नांगरलं, मंग मीबी नांगरलं."

एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. अतिक्रमणवाले फोटो पाहिला की असेच वागतात, म्हणून मी मनातल्या मनात चिडलो.

भाकरी घेऊन त्यांची बायको गीताबाई आली. तिनं फोटो मांडीवर घेतले.

"साहेब, याच्यात पयसाचं झाड दिसते काय?"

"नाही हो बाई. यातला एक ठिपका एकरभर जागेचा."

"अन् दगडं?"

"दगड कुठले दिसतात! काऊन?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

शेषराव वेचणं सोडून बांधाकडे चालू लागले. मग तिनं सांगितलं. अडीच वर्षांची सिंधू, त्यांची एकुलती मुलगी, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गोवरानं गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुषच जातात, आई घरी राहते. शेषरावांनी तिला या गायरानात पळसाखाली ठेवलं, वर दगड रचले. पुढे सारं रान नांगराखाली गेलं. पळस तुटला, दगड बांधावर पडले. आता नेमकी जागा त्यांनाही सांगता येत नव्हती.

"दरसाल निंदाले येते मी," गीताबाई म्हणाली. "पाय कुठी ठेवू, समजत नाही."

फोटोत कुठंतरी खोटंच बोट ठेवावं, असं मला वाटलं. पण तिच्याकडे पाहून ते जमेना.

तिनं जुना फोटो पुन्हा उचलला. "हा कवाचा म्हनला तुमी?"

"त्र्याहत्तरचा. कार्तिकातला."

"तवा जिती होती माही सिंधू. आमचं गाव कुठी हाय याच्यात?"

मी करडा ठिपका दाखवला.

"सकायचा हाय का दुपारचा?"

"सकाळचा. नऊ-साडेनऊचा."

"मंग आंगनात असन," ती म्हणाली. "त्या टायमाले न्हाऊ घालून उन्हात बसवत होती मी तिले."

त्या ठिपक्यावरून ती हलकेच बोट फिरवत राहिली. सिंधूचा एकही फोटो त्यांच्या घरात नव्हता.

शेषराव केव्हा परत आले, कळलं नाही. कापसानं भरलेली ओटी तशीच घेऊन ते तिच्याशेजारी खाली बसले.

"कुठी हाय?" ते म्हणाले. "मलेबी दाखव."